जया ओव्हाळचा रोजचा शब्द

जया ओव्हाळ माणसं चालवते. म्हणजे चालवायची. पक्षाघातानंतर, खुब्याच्या ऑपरेशननंतर जे म्हातारे पलंगाला चिकटतात, त्यांना काखेत हात घालून उभं करायचं, चार पावलं टाकायला लावायची, परत आणून बसवायचं. कागदोपत्री याला रुग्णसेविका म्हणतात. घरचे लोक 'आमची बाई' म्हणतात. आमची म्हणजे कोणाची, हे मी एकदा एका घरात विचारलं, तर तिथून मला हाकललं.

ती हे काम कुठल्या कोर्समध्ये शिकली नाही. तिचा नवरा रामदास तीन वर्षं एका अंगाने लुळा होता. ताडीवाला रोडच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने त्याला भिंतीच्या आधाराने चालवलं. तो गेला तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यांना खीर वाढत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या रुग्णसेविकांच्या संघटनेच्या खोलीवर आली. "मला माणूस चालवता येतो," म्हणाली. "काम आहे का?"

रडली नाही. नंतरही कधी रडलेली मी पाहिली नाही.

तिची मी सांगतोय ती ड्यूटी सदाशिव पेठेत होती, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पेशंट यानिना जोगळेकर, वय ऐंशीला टेकलेलं. दिगंबर जोगळेकर साठ-सत्तरच्या दशकात खाणीचं इंजिनिअरिंग शिकायला पोलंडला गेले आणि पदवीबरोबर बायको घेऊन आले. बाई पन्नास वर्षं या पेठेत राहिल्या. मराठी इतकी पक्की की भाजीवाल्याला म्हणायच्या, "मेथी कालची आहे की परवाची, तेवढं सांगा, म्हणजे त्या मानाने वाईट वाटून घेते." दिगंबरराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती मुलगी कादंबरी पोलंडला, आईच्या गावी, एका प्रयोगशाळेत नोकरीला.

मग बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषाही गेल्या. आधी इंग्रजी, मग मराठी. डॉक्टर म्हणाले, होतं असं, शेवटी आईची भाषा तेवढी उरते. मराठीतले दोनच शब्द राहिले, 'नको' आणि 'पुरे'. बाकी सगळं पोलिश. आणि अख्ख्या सदाशिव पेठेत पोलिश समजणारं एक माणूस नाही.

फिजिओथेरपिस्ट अभय सोमवारी आणि गुरुवारी यायचा. त्याने फ्रिजवर कागद लावला. चालण्याच्या पाच तऱ्हा, इंग्रजीत, वरची सगळ्यात चांगली. स्ट्रोल, टॉडल, शफल, हॉबल, ड्रॅग. कादंबरीने फोनवर तो कागद बघितला आणि प्रत्येकासमोर पोलिश शब्द देवनागरीत लिहून पाठवला, आईला सांगता यावं म्हणून. स्पात्सेरोवाच. द्रेप्ताच. शुराच. कुश्तिकाच. व्लेत्स शे. जयाने खाली पेन्सिलीने आपले लिहिले. रमतगमत. दुडुदुडु. पाय घासत. लंगडत. फरपटत.

आठ महिने जयाने हे शब्द म्हटले. "आजी, द्रेप्ताच," असं म्हणायची आणि आजी एकेक बारीक पाऊल टाकायच्या, पलंगापासून गॅलरीपर्यंत. उच्चार चुकला की आजी थांबायच्या, तिच्या ओठांकडे बघत बरोबर म्हणून दाखवायच्या, मग पुढचं पाऊल. जया म्हणायची, "शाळेत बाईंनी इतकं रगडलं नाही मला."

आणि रोज संध्याकाळी जया एक शब्द कादंबरीला पाठवायची. फक्त एक. आज आई कशी चालली, तो. सुरुवातीलाच ठरलं होतं. तोवर कादंबरी दोनदा येऊन गेली होती, रजा संपत आली होती. ती म्हणाली, "जयाताई, आता एकदाच येता येईल. शेवटचा शब्द आला की त्याच दिवशी निघते. वरच्या चारांवर नाही निघता येणार." जया म्हणाली, "चालेल ताई."

इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. आम्ही घरच्यांना नेहमी एक पायरी वरचं सांगतो. अर्धी पोळी खाल्ली तर एक सांगायची. दोन तास झोपले तर चार. घरचा माणूस घाबरला की फोनवर फोन करतो, रात्रीची बाई बदलतो, मग दिवसाची बदलतो, आणि पेशंट दर वेळी नव्या हाताने बावरतो. पुण्यातल्या घरच्यांना हे ठाऊक असतं. 'आज छान जेवले हो' ऐकलं की ते मनातल्या मनात अर्धी पोळी कमी करतात. दोन्ही बाजूंना माहीत आहे, म्हणून चालतं. नव्या बायकांना हे मीच शिकवतो. जयालाही मीच शिकवलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आजी लंगडायला लागल्या. अभयने तपासलं, रक्तदाब बरोबर होता, लक्ष ठेवा म्हणाला. संध्याकाळी जयाने पाठवलं: शुराच. पाय घासत.

मंगळवारी दोन्ही पाय मागे राहायला लागले. जयाने अभयला फोन केला. तो म्हणाला, गुरुवारी येतोच आहे. संध्याकाळी तिने पाठवलं: कुश्तिकाच. लंगडत.

बुधवारी तेच. कुश्तिकाच.

गुरुवारी सकाळी चहा पाजताना दुसरा झटका आला. शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलमध्ये आजी गेल्या. कादंबरी शनिवारी पहाटे उतरली आणि थेट वैकुंठ स्मशानभूमीत आली. जया एका बाजूला बायकांत उभी होती. कादंबरीने तिला हात जोडले, जयाने हात जोडले.

पाच दिवसांनी कादंबरीने जयाला घरी बोलावलं. जयाने मला फोन केला. "भाऊ, येता का बरोबर?" मी ओळखलं. पेशंट गेला की बाईवर काहीतरी येतं, औषध चुकलं, पडल्या असतील, दागिना दिसत नाही. वीस वर्षं हेच बघतोय. मी तयारीने गेलो.

कादंबरीने दार उघडलं. चाळिशीपुढची, आईसारखी उंच, बोलणं अस्सल पेठी. "बसा. चहा घेणार?"

"चहा नंतर," मी म्हटलं. "आमच्या बाईवर काही ठपका ठेवायचा असेल तर माझ्यासमोर ठेवा."

"मी काही ठेवत नाहीये. मला एक विचारायचंय."

"विचारा की."

"तुम्हाला नाही."

मला गप्प बसवणारी माणसं कमी आहेत.

तिने फोन पुढे केला. "मंगळवार. कुश्तिकाच पाठवलंत."

"हो," जया म्हणाली.

"आणि होतं काय?"

"होतं तेच पाठवलं असणार," मी म्हटलं. "आमच्या बायका..."

"भाऊ, थांबा," जया म्हणाली. मग कादंबरीकडे बघून म्हणाली, "व्लेत्स शे." अगदी आजींनी घोटून घेतलेला उच्चार. "दोन्ही पाय. काखेत हात घालून नेलं. गॅलरी आली नाही, मध्येच 'पुरे' म्हणाल्या."

"बुधवारी?"

"तेच. थोडं जास्त."

"मग ते का नाही लिहिलंत?"

"आम्ही एक पायरी वरचं सांगतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळ्याच."

मग मी बोललो. रीत समजावून सांगितली. घरचे एक पायरी खाली धरतात, सगळ्यांना माहीत असतं, वगैरे. कादंबरी शेवटपर्यंत ऐकत होती.

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "मी वीस वर्षं लॅबमध्ये काम करते. कागदावर कुश्तिकाच आलं की मी कुश्तिकाच वाचते." फोन तिने टेबलावर उपडा ठेवला. "मंगळवारी संध्याकाळच्या विमानात जागा होती. मी बघून ठेवली होती. बुधवारी संध्याकाळी इथे असते."

आणि मी, ज्याला मोर्च्यात एक शब्द वाकडा जात नाही, मी म्हणालो, "बाई, एका दिवसाने त्या वाचल्या तर नसत्या."

"नसती वाचली," ती म्हणाली. "तिच्याशी पोलिशमध्ये बोलायला कोणीतरी असतं."

खाली रस्त्यावर क्लासची मुलं स्कूटरी लावत होती, त्यांचा आवाज वर येत होता. जया म्हणाली, "मी बोलायचे."

"हो," कादंबरी म्हणाली. "पाच शब्द."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो. ती आत गेली, चहा करून आणला, आम्ही प्यालो. निघताना तिने जयाला आजींची शाल दिली. जयाने घेतली. पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "आरोप काही केला नाही तिने." जया म्हणाली, "भाऊ, माझं नाव यादीतून काढा."

मी काढलं नाही. महिनाभर कामं सांगत राहिलो, ती फोन घ्यायची आणि नको म्हणायची. मग कळलं, एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात लागली आहे.

नव्या बायकांच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हटलं, यापुढे जसं आहे तसं सांगायचं. मुक्ताबाई नावाची एक बाई मागून म्हणाली, "मग घरचे घाबरून तिसऱ्या दिवशी दुसरी बाई आणतील, तिला हे कोण सांगणार?" सगळ्या हसल्या. मी चिडलो आणि बैठक लवकर उरकली.

मागच्या आठवड्यात मी धोबीखान्यात गेलो. वाफ, फिनेलचा वास, पांढऱ्या चादरींचे ढीग. जया आणि दुसरी एक बाई चादरीची दोन टोकं धरून घड्या घालत होत्या.

"लोणी काळभोरला एक आजोबा आहेत," मी म्हटलं. "दुसरी कोणी जायला तयार नाही. लांब पडतं. तू गेलीस तर बरं."

"चालतात कसे?"

"घरचे म्हणाले, काठी धरून बरे चालतात."

"म्हणजे चालत नाहीत," ती म्हणाली. घडी ढिगावर ठेवली आणि पुढच्या चादरीचं टोक उचललं. "त्यांना आत्ताच स्पष्ट सांगून टाका. मी येत नाही."

समोरच्या बाईने दुसरं टोक ओढलं. मी बसस्टॉपवर आलो.