विमानाच्या नाकात मुरूम

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मला मान ताठ ठेवावी लागते. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात पेटलेल्या विमानावर धावून गेलेला माणूस मी एकटाच!

व्हय, विमानावर! कडब्याच्या पाच गंज्या विझवल्यात मी. गाव मला आगीचा माणूस म्हणतं, मग ते नाव राखायला नको?

त्या दिवशी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मी मुरूम टाकून खड्डे बुजवून राहिलो होतो. घमेलं बायकोचं, नवं कोरं. तिथं दोन सीटचं एक खासगी विमान उतरलेलं, बघायला सगळं गाव जमलेलं. चालवणारी एक तरुण बाई. निघताना तिनं चावी फिरवली अन् नाकाखालून भसकन जाळ आला!

बाई उतरायचं सोडून चावीच फिरवत बसली. मला वाटलं, घाबरली बिचारी. पंखा जरा फिरला, थांबला, धूर तेवढा राहिला. कोणीतरी बादली घेऊन पळालं, त्याला मी अडवलं. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकतेत काय? आपल्याला कळतं ना! बाजूनं गेलो अन् नाकाच्या जाळीतून तीन घमेली मुरूम आत ओतला.

धूर बंद. मग काय विचारता! सरपंचांनी तिथंच माझा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, सगळं बराबर. बाई खाली उतरल्या तर त्यांनाच दोन शब्द बोलायला लावले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, इंजिन फिरवत ठेवलं की जाळ आत ओढला जातो. आग मी विझवली होती. तुम्ही आलात तेव्हा नुसता धूर होता."

फेटा काढावा का ठेवावा, कळंना. ठेवला.

नागपूरहून मिस्त्री येऊन इंजिन खोलेस्तोवर अन् साफ करेस्तोवर बाई चार दिवस आमच्याच घरी. मी दिवसभर ब्रश घेऊन खडा खडा काढायचो. गाव येऊन विचारायचं, मुरूम किती निघाला म्हणून. पण विमानाच्या इंजिनात हात घातलेला दुसरा कोण हाय इथं?

पाचव्या दिवशी बाई विमानात बसल्या अन् मला जवळ बोलावलं. "काका, ते घमेलं द्या इकडं."

"काहून?"

"ते तुमच्या हातात आहे तोवर मी चावी फिरवणार नाही."

दिलं. त्यांनी ते बाजूच्या सीटवर ठेवलं अन् उडाल्या.

बायको अजून विचारते, माझं नवं घमेलं कुठाय? मी ताठ मानेनं सांगतो, विमानानं गेलं.