तळघरातली दोन पोती ढेप

पाण्याच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला पाण्याचं सगळं कळतं, असा माझ्या सासरच्यांचा समज होता. मी तिथे टपालाची आवक-जावक लिहीत असे. पण समज चांगला होता, म्हणून मी तो मोडला नाही.

साठ सालच्या सुमारास आम्ही अमरावतीला भाड्याच्या घरात राहत होतो. बैठकीखाली तळघर होतं आणि पावसाळ्यात त्याच्या भिंती पाझरायच्या. त्या वर्षी माझी मेहुणी शांता मॅट्रिक झाली. तिला इथल्या कॉलेजात जायचं होतं, आणि राहायला आमच्याखेरीज दुसरं घर नव्हतं. मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, अकोल्याकडच्या खेड्यातून पत्र आलं, की रविवारी शांताला घेऊन येतो. घर कोरडं असलं तर ठेवीन, नाहीतर परत नेईन. बायकोने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं.

पाणी साचायला मी तळघराच्या कोपऱ्यात खड्डा केला होता. तो रोज बादलीने उपसावा लागतो (हे खड्डा खणल्यावर कळलं). शनिवारी मला नामी युक्ती सुचली. सरकीची ढेप पाणी पिऊन फुगते, हे आमच्या दारच्या गाईच्या घमेल्यात मी रोज बघत होतो. गाईसाठी मामाजींनीच पाठवलेली दोन पोती ढेप मी खड्ड्यात रिकामी केली. तासाभरात पाणी गायब! वर येऊन तळघराच्या तोंडावर झाकण लावलं, त्यावर बैठकीची सतरंजी अंथरली आणि बायकोकडून शाबासकी घेतली.

मामाजी त्या रविवारी आलेच नाहीत. पेरणी लांबली. ते आले पुढच्या रविवारी.

बुधवारी वास सुरू झाला. शुक्रवारी गाईने घराकडे पाठ केली. रविवारी बायकोने ऊद जाळला, तर उदालाही तोच वास येऊ लागला! मामाजी उंबऱ्यातच थबकले. मागे शांता पेटी धरून उभी. शेजाऱ्यांची मोरी तुंबली आहे, असं मी ठोकून दिलं.

"शेजाऱ्याची मोरी तुमच्या सतरंजीखालून जाते काय?" असं विचारून मामाजींनी सतरंजी सारली.

शांताचे डोळे भरून आले. आता मागे हटलो तर पोरीचं कॉलेज गेलं, म्हणून आत्ताच साफ करतो म्हणत मी झाकण उघडलं आणि छाती फुगवून शिडीवर पाय ठेवला. तोच मामाजींनी माझी मानगूट धरली.

"थांबा, जवाईबापू. धान्याचं पेव उघडलं का आमी पयले कंदील सोडतो, मंग माणूस."

त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्या वाटेतच तो विझला. खाली श्वास घेण्याजोगी हवाच उरली नव्हती.

बायको मटकन खाली बसली. मला भीती वाटत होती आणि तिच्याहून जास्त लाज.

मामाजींनी कंदील वर ओढला आणि शांताची पेटी उचलली. संपलं सगळं, असं समजून मी मान खाली घातली. त्यांनी ती पेटी आत नेऊन ठेवली.

"शांते, तू इथंच राय. कॉलेज कर, पन घरी आली का तुह्या भाऊजीवर ध्यान ठेवजो. जवाईबापूले एकटं सोडता येत नाई."

शांता चार वर्षं राहिली आणि पदवी घेऊनच गेली. मेहुणीला घरी ठेवून मी शिकवलं, असं लोक अजून कौतुकाने म्हणतात. तोही समज मी मोडलेला नाही.