पी-व्हॅल्यूंची गर्दी

असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ऑफिसच्या माळ्यावर जुने सर्व्हे फॉर्म साठतात तसे ते साठत जातात, आणि ते फेकायला कोणाला सवड नसते. मी गेली सोळा वर्षं मुरबाडला एका लहानशा संस्थेत आकडेवारी बघतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आम्ही लहान मुलांना नाचणीचे लाडू देतो आणि त्यानं त्यांची तब्येत सुधारते का ते तपासतो. लाडू बायका वळतात, गाडी बाळूदादा चालवतो, भाषण साहेब करतात. "यातून निघालं काय?" याचं उत्तर द्यायला मी!

उत्तर म्हणजे पी-व्हॅल्यू. लाडवाचा काडीचाही उपयोग नसताना, निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते सांगणारा शून्य ते एकमधला आकडा. तो ०.०५ च्या खाली गेला की लोक म्हणतात, लाडू पास.

* * *

पहिल्याच वर्षी आकडा आला ०.०६.

साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "जरा ढकला ना खाली!"

"ढकलता येत नाही साहेब."

"मग अजून चार पोरं मोजा. धडधाकट बघून मोजा!"

मी तेव्हा तरुण होतो. तासभर वाद घातला. हल्ली फक्त "बघतो" म्हणतो आणि चहा प्यायला जातो.

* * *

मग साहेबांनी युक्ती काढली. वजन, उंची, झोप, खोकला, जे मोजता येईल ते सगळं मोजायचं! वीस गोष्टी मोजल्या. एकोणीस नापास. एक मात्र ०.०३ नं पास: डाव्या दंडाचा घेर. उजव्याचा नाही, फक्त डाव्याचा!

"रिपोर्टमध्ये नुसतं 'दंड' लिहा," साहेब म्हणाले.

बाळूदादा दारात गाडीची चावी फिरवत उभा होता. तो काळजीनं म्हणाला, "साहेब, पोरं लाडू डाव्या हातानं खातात काय?"

* * *

टोकावड्याला जाताना बाळूदादानं गाडीत विषय काढला. "सर, त्यो डावा दंड वाढला कसा?"

"वाढला नाही रे. काहीच फरक नसला तरी शंभरात पाच वेळा फरक असल्यासारखा दिसतो."

ढाब्यापाशी गाडी बंद करून तो म्हणाला, "म्हंजे वीस गोष्टी मोजल्या तं एखादी फुकटची गावणारच की!"

हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

"मंग साहेब वीस गोष्टी मोजतात ते येडेपणानं नाय हां सर!"

* * *

एकदा मदत देणारे पाहुणे आले. साहेबांनी पडद्यावर माझा तक्ता लावला. मागच्या वर्षीची पी-व्हॅल्यू ०.०४, यंदाची ०.७०.

"बघा, एका वर्षात केवढी वाढ!" साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. चार वाजले होते आणि मला घरी जायचं होतं.

* * *

आता यमुनाताईंचा किस्सा. हा सांगताना मला अजून लाज वाटते.

यमुनाताई डोळखांबकडच्या बारा पाड्यांचं काम बघतात. सातवी शिकलेल्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या या नोकरीवर चालतं. नियम असा होता की प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी काढायची. एका गटाला लाडू लगेच, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. लाडू सुरू होण्याआधी मी दोन्ही गटांची तुलना करतो. वजन, उंची, वय, दंड. चिठ्ठ्या खरोखर काढल्या असतील तर पी-व्हॅल्यू शून्यापासून एकपर्यंत सगळीकडे विखुरतात, अंगणात वाळत घातलेल्या भातासारख्या. ढीग कुठेच होत नाही.

यमुनाताईंच्या सगळ्या पी-व्हॅल्यू एकच्या जवळ. ०.९४, ०.९७, ०.९९. बाराही पाड्यांत दोन्ही गट हुबेहूब सारखे!

एवढा सारखेपणा आपोआप येत नाही. मी साहेबांना सांगून टाकलं, "आकडे घरी बसून लिहिलेत." साहेबांनी त्याच दिवशी नोटीस काढली. खुलासा पटला नाही तर काम बंद. ती द्यायला मलाच पाठवलं.

यमुनाताई अंगणवाडीच्या ओट्यावर वजनकाटा पुसत होत्या. मी नोटीस न देताच आधी पोरांना बोलवायला सांगितलं. वीस पोरं मोजली. एकूण एक वजन त्यांच्या वहीतल्याशी जुळलं. बाकीच्या नोंदीही बरोबर.

"मग चिठ्ठ्या काढल्या कशा?" मी विचारलं.

"चिठ्ठी काढली ना सर. एकच काढली."

"एकच?"

"आधी वाटे केले. ओढ्यावरची मासळी वाटतो तसे. बायका बसल्या, याच्यासमोर तो, तिच्यासमोर ती, हडकुळ्यासमोर हडकुळा. कोनाच्या वाट्याला कमी नाय, कोनाच्या जास्त नाय. मंग कुठला वाटा आधी, त्याची चिठ्ठी."

"पण प्रत्येक पोराची वेगळी काढायची होती!"

"तुमच्या चिठ्ठीनं सगळी हडकुळी पोरं एकीकडं पडली असती तं?"

"तसं होऊ शकतं. योगायोग म्हणून आम्ही ते धरून चालतो."

"आनि मंग त्या आयांना तोंड कोन देनार? तुमी?"

नोटीस तशीच परत न्यावीशी वाटली. पण कागद निघाला होता, जावक रजिस्टरला नंबर पडला होता, खुलासा घेतल्याशिवाय परत नेता येत नव्हता. मी तो पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला. मग माझंच पेन घेतलं आणि ओट्यावर बसून खाली चार ओळी लिहिल्या.

तो कागद मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचला. यमुनाताईंची नोकरी राहिली. त्यांनी लिहिलं होतं:

"साहेबांस नमस्कार. सर्व पोरांचे वाटे सारखे केले. माझी चूक झाली. पुढच्या वेळी कमी-जास्त करीन."