सायकल जड नव्हती, ब्रेक घासत होता

मंडळी, गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की माझी सायकल फार जड आहे, रावेतहून हिंजवडीला जाताना दम लागतो, म्हणून ती विकून ऑफिसच्या बसने जाणार. त्यातलं दम लागतो एवढंच खरं होतं.

आज ऑफिस सुटल्यावर मी पार्किंगमधून सायकल ढकलत बाहेर काढत होते. आमचे वॉचमन काका म्हणाले, "ताई, ब्रेक दाबून चालवता व्हय?"

"नाही हो, काका!"

त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं. ते अर्ध्या फेरीतच थांबलं. ब्रेकचं रबर रिमला घासत होतं आणि तो उद्योग माझाच होता. बाबांनी मला अक्षरं आणि सायकल दोन्ही घरीच शिकवली. मी निघताना ते अजूनही विचारतात, "ब्रेक घट्ट आहे ना?" म्हणून मी दर रविवारी तो थोडा थोडा आवळत गेले.

"सायकल पळवायचीय का बांधून ठेवायचीय?" म्हणत काकांनी ब्रेक बेताचा सैल केला, टायरमध्ये कडक हवा भरली. मी तीनदा ब्रेक दाबून खात्री केली. नीट लागत होता.

मग पुनावळ्याच्या चढावर मी चक्क गाणं म्हणत होते!

घरी बाबांनी घड्याळ पाहिलं. "आज हाफ डे?" सगळं ऐकून हसत म्हणाले, "शिकवणी जरा जास्तच लागली म्हणायची."

तुम्ही तुमच्या सायकलचं चाक उचलून शेवटचं कधी फिरवून पाहिलंत?

बसच्या यादीत दिलेलं नाव मी येत्या सोमवारी काढून घेणार आहे.