सिस्टरबाईंची बाकी राहिलेली चोळी

बारशाला चोळीचा खण दिला की सिस्टरबाई तो उलगडून बघायच्या, रंगाला हमखास नावं ठेवायच्या आणि परत हातात द्यायच्या. "ठिव तुझ्याजवळच. मागंन तवा दे." सत्तरच्या दशकात पालिकेच्या प्रसूतिगृहात बाळंत झालेल्या आम्हा भवानी पेठेतल्या बायकांच्या पेट्यांत असे खण पडून होते. माझ्याकडे तर तीन होते.

बाई मूळच्या करमाळ्याच्या. आवाज असा खणखणीत की कळा देणारी बाईसुद्धा ओरडायची थांबून ऐकायची. लाड त्यांना ठाऊकच नव्हते. पण पहिल्या खेपेला मला ताप चढला, तेव्हा पेज त्यांनीच भरवली, तीही शिव्या देत देत.

तेव्हा एका खाटेवर दोघी असायच्या. माझ्या वाट्याला एका तेलुगू विणकराची बायको आली होती. तिचे पाय माझ्या उशाशी, माझे तिच्या. तिसरी आली की तिला फरशीवर सतरंजी. बाईंना ते बघवायचं नाही. "अंथरूण बघून पाय पसरावं म्हणत्यात. आदी अंथरूण तर द्या की, मेल्यांनो!"

वर मजला चढवायचा नकाशा तयार होता, पैसा नव्हता. पालिकेला कर्ज काढायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि सरकारकडे जायच्या आधी सभेचा ठराव. वर घरपट्टीचं उत्पन्न तारण ठेवायचं. इथंच घोडं अडलं. दोनदा विषय निघाला, दोनदा नगरसेवक काहीबाही निमित्त काढून सभेला फिरकलेच नाहीत. त्यात आमचे हेही होते. सुताचे व्यापारी, कर्ज म्हटलं की वही मिटून उठायचे. "दुष्काळ आत्ता कुठं सरलाय. घरपट्टी गहाण टाकली तर मतं कोण देईल?"

तिसऱ्या सभेच्या आदल्या दुपारी हे जेवत होते आणि बाई दारात उभ्या.

"चोळी बाकी हाय न्हवं? आले घ्यायला."

मी धावत जाऊन तिन्ही खण आणले.

"कापडाचं मागनं बघू, पोरी. आदी उद्या मालकास्नी सभंला धाड."

ह्यांचा घास हातातच राहिला. "बाई, पण हे फेडणार कोण?"

"त्या मजल्यावर जी पोरं जन्मतील तीच मोठी हून घरपट्टी भरतील की! पोरानातवंडांना पुरायची भिंत एका वर्साच्या पैशात कशी बांदायची? आन् पैसा साठंपातूर बायांनी भुईवरच बाळंत व्हायचं व्हय?"

बाई गेल्या तसे हे कुरकुरले, "चोळीच्या जोरावर पालिकेनं कर्ज काढायचं म्हणजे कमाल आहे!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमची तिन्ही पोरं त्याच चोळीवर जन्मलीत. उद्या गेला नाहीत तर भाकरी दुकानातच भाजून खा." त्या दिवशी बाईंनी आणखी किती उंबरे झिजवले आणि किती घरांत असंच वाजलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सभेत बसायला जागा उरली नाही. ठराव झाला. ह्यांचा हातही वर गेला, जरा उशिरा.

परवानगी यायला वेळ लागला, मजला उठायला त्याहून जास्त. बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही सगळ्या आपापले खण घेऊन गेलो. त्यांनी एकालाही हात लावला नाही. "पालिकेच्या डोक्यावर कर्ज आन् माझ्या अंगावर नवी चोळी? बरं दिसतं व्हय? फिटलं की या."

फिटायला वर्षं गेली. शेवटचा हप्ता गेल्याचं ह्यांनी सांगितलं आणि दुसऱ्याच सकाळी मी करमाळ्याची एसटी धरली. बाई ओट्यावर बसल्या होत्या. डोळे गेले होते, आवाज तोच होता. मी पाया पडले, तिन्हींतला एक खण हातात दिला. त्या बोटांनी कापड चाचपत राहिल्या.

"समदं फिटलं?"

"सगळं, बाई."

"आता एका खाटंवर एकलीच असती न्हवं?"

"एकटीच."

"रंग कंचा?"

"हिरवा."

"हिरवा मला शोभतो व्हय गं, येडे?" म्हणाल्या, आणि खण पदराखाली घेऊन बसल्या. परत दिला नाही.