न संपणारा ताणा

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईत दोन वर्षं काढून मी सोलापूरला परतलो, तेव्हा मला चांगलीच शिंगं फुटली होती. वडील वारलेले, घरामागच्या कारखान्यात आठ हातमाग आणि त्यांचा मालक मी. नावाचा मालक. कुठल्या मागावर कुठला ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळा, चढवायचा हे आईच बघायची.

माझं म्हणणं होतं, नऊवारी लुगड्यांचे दिवस गेले. आता बारीक काठाच्या पाचवारी साड्या विणायच्या, मुंबईच्या बायका नेसतात तशा. आठही विणकरांना ओसरीवर बसवून मी हे अर्धा तास समजावलं. सात जणांनी माना डोलावल्या. आठवे सगळ्यांत जुने. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

मामा म्हणाले, "मालक, वळसंगसारख्या खेड्यातली बाई पाच वारात कासोटा कुटं घालणार? का तिला शेतात जायाचंच न्हाय?"

सगळे हसले. त्याच सात माना आता मामांकडे बघून डोलत होत्या.

सात मागांवर पाचवारी चढली. मामा आपले लुगडंच विणत राहिले आणि रोज दुपारी पान लावता लावता माझी पाचवारी निकालात काढत राहिले. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बायका यायच्या, पाचवारी उलगडून बघायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मामांचं लुगडं घेऊन जायच्या. मामा चुकत नव्हते, हेच मला सहन होत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, मामांना काढायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण माग देणार, हे मला कळत होतं. पण राग आला की माझं कळलेलं वळत नाही. अर्ध्या ताण्यावरून विणकराला उठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून सांगितलं, "मामा, मागावरचा ताणा संपला की तुम्ही मोकळे."

"व्हय," म्हणाले आणि आडव्या धाग्याचा धोटा मारू लागले.

एका ताण्यात चार लुगडी, म्हणजे फार तर तीन आठवडे. महिना झाला, दुसरा झाला, मामा मागावरच. विचारलं की म्हणायचे, "ताणा कुटं संपलाय, मालक?"

खरी गोम कळायला मला दिवाळी उजाडली. मागावरचा ताणा कुणी पुरता संपूच देत नाही. हातभर उरला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन सांधतात, म्हणजे फणीत पुन्हा सगळे धागे ओवत बसायला नको. सांधायचं काम बायकांचं. मामांची बायको, आमच्या मामी, चिमटीला राख लावून मुकाट सांधत होत्या, आणि त्यांना नवा ताणा देत होती माझीच आई!

"ताणा संपल्यावर काढणार म्हणालास ना?" आईनं मलाच विचारलं. "मग संपला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या खेपेला सांधायचं नाही, असं मी दोघींना बजावलं.

आणि एका दुपारी ताणा खरंच संपला. मामांनी शेवटचं लुगडं कापून घडी घातली. फणीतून हातभर धागे लोंबत राहिले. त्यांनी स्वतःचा धोटा पंच्यात गुंडाळला, मागाला हात लावून कपाळाला लावला. "येतो, मालक."

मी शेजारच्या मागावरच्या विणकराला उगाच विचारलं, "पाचवारी खपेल ना रे?"

"खेड्यात? न्हाय की. आमाला पयल्यापासून ठावं हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणाऱ्याला तुमी घालवताय की, मालक."

मामा दारापर्यंत पोचले होते. त्यांना हाक मारायला जीभ उचलेना. मी आत जाऊन आईकडून नवा ताणा आणला, मामांमागून निघालेल्या मामींच्या हातातली राखेची वाटी ओढली आणि स्वतःच सांधायला बसलो. तीसेक धागे झाल्यावर जरा ताणून पाहिलं. निम्मे सुटले. डोळ्यांत पाणी आलं. मी राखेला दोष दिला.

मामा दारातून बघत होते. त्यांना ते बघवेना. "मालक, असं सांधल्यावर लुगडं ऱ्हाऊ द्या, पंचासुदीक निघायचा न्हाय."

"मग नीट सांधून घ्या की!" मी खेकसलो.

"सरका," मामी म्हणाल्या आणि खाली बसल्या. मामांनी पंचा सोडून धोटा बाहेर काढला.

त्यानंतर बारा वर्षं ते माझ्याशी भांडले. पुढे शहरात पाचवारी खपायला लागली, तेव्हाही ती त्यांना पटली नाही. आता मामा नाहीत. मागावर दुसरा विणकर बसतो. पण ताण्याचं शेपूट हातभर उरलं की मी स्वतः उभा राहून ते सांधून घेतो. मामांचा ताणा मी अजून संपू दिलेला नाही.