हात लावायला ठेवलेला

"हात लावाले ठेवला हाये ना एक."

देशमुखांचा मुलगा म्हणाला. हसत. तो आमच्या वाशीमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. अकोल्याच्या कॅप्टनने त्याला विचारलं होतं, बॉल आत फेकायला दर वेळी तुमचा गोलकीपरच का धावत येतो? त्याचं हे उत्तर.

मी चुन्याच्या रेघेबाहेर, बाभळीखाली बसले होते. जवळ पाण्याची कळशी. शाळेच्या माठाला दादाने हात लावलेला चालायचा नाही, म्हणून त्याचं पाणी घरून यायचं. तो ठेवलेला एक म्हणजे माझा दादा.

आम्ही चांभार. शाळेचा बॉल उसवला की बाबा शिवायचे. बॉल मुक्कामाला आमच्याच घरी, दादाच्या उशाशी. कातड्याची वस्तू. दुसरं कोण घरात घेणार? देशमुखांची, शेटजींची, वकिलांची मुलं त्याला लाथ मारायची आणि खेळ संपला की विहिरीवर पाय धुवायची. लाथ चालायची. हात नाही. डोकं तर नाहीच. बॉल वरून येताना दिसला की आमची मुलं मान वाकवून बाजूला व्हायची, छतावरून पाल पडत असल्यासारखी.

बॉल रेघेबाहेर गेला की तो हाताने आत फेकावा लागतो. मग गोल सोडून दादा धावायचा. मैदानाला लागून माळ्यांची वांगी होती. बॉल तिथे गेला तर माळ्याच्या शिव्या खाऊन तोच आणायचा, फेकायचा आणि जीव तोडून परत पळायचा. तेवढा वेळ आमचा गोल रिकामा.

दरवर्षी आमची शाळा शेवटची. त्याची कारणं शाळेत चघळली जायची. अकोल्याच्या मुलांचा खुराक, त्यांचे बूट, पंचांची लबाडी. मला कारण पहिल्याच सामन्यात दिसलं होतं. मी अकोल्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगमध्ये होते. सुट्टीत घरी यायची. तिकडे ख्रिस्ती मुलं बॉल छातीवर घ्यायची, डोक्याने मारायची, आणि जो जवळ असेल तो उचलून फेकायचा. एवढी साधी गोष्ट.

हेडमास्तरांना सांगू का, असं मी दादाला विचारलं. तो घाबरला.

"बोलू नको, बाई. खेळू देतात मले. तेबी बंद करतीन."

मी सांगितलं नाही. तशीही मी बोलणारी नव्हते. इंग्रजीत पहिली यायची, पण उत्तर द्यायला उठवलं की मिसला माझ्या ओठांजवळ कान न्यावा लागायचा.

त्या दिवशी शेवटपर्यंत बरोबरी होती. वाशीमला असं कधी झालं नव्हतं. मग बॉल पार पलीकडच्या टोकाला रेघेबाहेर गेला. आमचे तिघे त्याच्या शेजारी उभे होते. तिघांनीही मागे वळून दादाकडे पाहिलं.

दादा धावला. फेकला. अकोल्याच्या मुलाने मध्येच अडवून लांब मारला. बॉल आमच्या गोलकडे निघाला, हळू, ढेकळांवरून उड्या घेत. मागून दादा. बॉलला घाई नव्हती. दोन बांबूंच्या मधून तो आत गेला. दादा गोलच्या तोंडाशी पडला.

अजूनही ते दोन बांबू मला दिसतात. वर्गात शिकवताना, चूल फुंकताना. मधली जागा रिकामी, आणि कुणाची तरी अनवाणी पावलं मागून येत असतात. ती पोचत नाहीत.

खुर्च्यांवर कॅप्टनचे वडील देशमुख होते, आणि बक्षीस द्यायला आलेला गोरा साहेब. देशमुखांनी दादाला बोलावलं. सगळ्यांसमोर कान धरायला लावले. ओठावर मिसरूड फुटलेला माझा भाऊ. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने कान धरले.

साहेबाने हेडमास्तरांना विचारलं, तुमची शाळा दरवर्षी शेवटची का? हेडमास्तर अडखळले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. गावची मुलगी, मिशनमध्ये शिकते, फाडफाड इंग्रजी बोलते, म्हणत त्यांनी मला पुढे बोलावलं. सतरंजीच्या कडेशी आल्यावर हातानेच थांबवलं. तिथूनच बोल.

देशमुख म्हणाले, "सांग साहेबाले. गोलकीपर पळपुटा हाये. या जातीचा पाय एका जागी ठरत नाही. सांग, विंग्रजीत."

माझं इंग्रजी त्यांना याच्यासाठी हवं होतं.

त्यानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते. दादाचं नाव शाळेतून काढलं. बाबांकडे बॉल येणं थांबलं, मग चपलाही. लढाई चालू होती, दादा फौजेत गेला, तो आला नाही. आई म्हणायची, "तुह्या तोंडापायी गेला तो." ती मरेपर्यंत म्हणत होती. मी स्वतःला विचारत आले, पुन्हा तिथे उभं केलं तर? आणि दर वेळी तेच मैदान, तोच साहेब, आणि माझ्या तोंडात तेच शब्द येतात. त्यातला एकही मला परत घ्यायचा नाही.

बॉल मैदानात तसाच पडून होता. दादा कान धरून उभा, मग उचलणार कोण? मी गेले. उचलला. धुळीने भरलेला, बाबांच्या टाक्यांचा. सगळे बघत होते. मी तो घेऊन आमच्या कॅप्टनसमोर उभी राहिले आणि त्याच्या छातीशी धरला. तो मागे सरकला.

मी इंग्रजीत बोलले नाही. ते एकट्या साहेबाला कळलं असतं. मी आमच्या बोलीत बोलले, आणि माझा आवाज माळ्यांच्या वावरापर्यंत गेला.

"घे, हातात घे. तुमी याले हात लावत नाही, म्हणून हारता. दादा, सोड ते कान."